एकतीस तारीख कोणाची?

सोमवारी सकाळी साहेबांनी टिपणीबाईंच्या टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "शुक्रवारच्या आत दोनशे तरुणांची मतं हवीत. वरच्या कार्यालयातून अधिकारी बाई येणार आहेत."

"कुठल्या तरुणांची, साहेब?"

"नेहमीच्याच," साहेब म्हणाले आणि मिशीत हसले.

हे नेहमीचे तरुण कोण, ते आधी सांगायला हवं. ते टिपणीबाईंच्या पेनात राहत असत. नगरपालिकेत शांतता समितीचं काम टिपणीबाईंकडे होतं. दरवर्षी वरून फॉर्म येत, 'शांततेविषयी तरुणांना काय वाटते?' आणि दरवर्षी टिपणीबाई ते घरी नेऊन एकहाती भरत. थोडे निळ्या पेनाने, थोडे काळ्या, पाच-दहा हिरव्या. पंधरा-वीस तर डाव्या हाताने, कारण 'सगळ्याच मुलांचं अक्षर चांगलं कसं असेल?' असा त्यांचा प्रामाणिक विचार होता. लबाडीतसुद्धा बाई अगदी नेटक्या होत्या. त्यांचं खरं नाव कार्यालयात फारसं कोणी घेत नसे; कुठल्याही कागदावर सुबक टिपणी लिहावी ती त्यांनीच, म्हणून त्या टिपणीबाई.

आता गावाबद्दल. गावाच्या मधोमध एक मोठा रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला उगवतीकडची माणसं, दुसऱ्या अंगाला मावळतीकडची. चौदा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात या दोन अंगांमध्ये आठ दिवस जाळपोळ झाली. कशावरून, ते आज विचाराल तर दोन्हीकडे दोन वेगळी उत्तरं मिळतात, आणि दोन्हीकडच्यांना आपापलं उत्तर तोंडपाठ असतं. तेव्हापासून गावात सगळं दोन-दोन झालं. दोन औषधाची दुकानं, दोन केस कापणारे, दोन शिकवण्या, दोन रुग्णवाहिका. कुत्री तेवढी दोन्हीकडे फिरत; त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं!

फक्त एका गोष्टीची जोडी लावता आली नाही. ती म्हणजे पोहण्याचा तलाव. दुसरा खणायला जागाच नव्हती. मग समितीने तोडगा काढला : सम तारखा उगवतीच्या, विषम तारखा मावळतीच्या. तोडगा झकास होता, पण कॅलेंडर समितीला विचारून बनवलेलं नव्हतं. एकतीस तारीख विषम, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी येणारी एक तारीखही विषम! म्हणजे मावळतीला लागोपाठ दोन दिवस. उगवतीकडचे म्हणत, एकतीस आमची. मावळतीकडचे म्हणत, नियम म्हणजे नियम. मागच्या एकतीस तारखेला फाटकापाशी दगड आले, आणि आठ वर्षांच्या एका पोराच्या कपाळाला चार टाके पडले.

त्यावर समितीने आता कायमचा उपाय शोधला होता. तलावात मधोमध भिंत!

टिपणीबाईंनी फॉर्म चाळला. शेवटचा प्रश्न नवा होता : 'तलावात मधोमध भिंत असावी असे आपणांस वाटते काय? होय / नाही.'

"सगळीकडे होय," साहेब जाता जाता म्हणाले. "ठराव तयार आहे. तरुणांचीच मागणी आहे म्हटलं की वरून मंजुरी लगेच."

टिपणीबाईंनी मान डोलावली आणि गठ्ठा पिशवीत घातला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सवय ही अशीच असते मंडळी. ती टोचत नाही, म्हणून तर टिकते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाईंनी पेनं मांडली. त्यांचे यजमान शिंपी. मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं मोठं दुकान होतं. ते त्या आठ दिवसांत जळलं. आता घराच्या पुढच्या खोलीत एकच मशीन होतं आणि मावळतीकडचीच गिऱ्हाइकं. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. ती केस पुसत आली आणि सहज एक फॉर्म उचलून मोठ्याने वाचू लागली.

"वय अठरा, विद्यार्थी. 'सलोखा हा समाजरूपी नौकेचा भक्कम पाया आहे.'" ती थांबली. "आई, नावेला पाया? बुडेल ना ती!"

"मग काय लिहू?"

"आणि अठरा वर्षांचा कोण मुलगा 'समाजरूपी' म्हणतो? आमच्या वर्गात असं कोणी बोललं तर त्याला दवाखान्यात नेतील." तिने दुसरा उचलला. "वय बावीस, मेकॅनिक. 'तरुणाईने विवेकाची कास धरावी.' आई गं! हा मेकॅनिक आहे की कीर्तनकार?"

पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला आणि शिंपीबाबाही हसले. टिपणीबाईंनाही हसू आवरेना. तेवढ्यात मुलीची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिने एकामागून एक दहा-बारा फॉर्म उलटले. सगळीकडे 'होय'वर सुबक खूण.

ती हसायची थांबली.

"आई, भिंत? तलावात?"

"समितीचं ठरलंय. मी फक्त कागद भरते."

"पण कोणाच्या नावानं भरतेस? एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, हा बघ, इथे आहे. ही मीच की! मला विचारलंस?"

"अगं, सगळी मुलं काय, असंच म्हणणार—"

"तुला काय माहीत? चौदा वर्षांत एकाला तरी विचारलंस?"

दारात शिंपीबाबा येऊन उभे राहिले होते. ते शांतपणे म्हणाले, "भिंत बरी. चौदा वर्षांपूर्वी रस्त्यावर भिंत असती तर माझं दुकान जळलं नसतं."

या वाक्यावर त्या घरात कोणी कधी काही बोलत नसे. त्या दिवशी मुलगी बोलली, पण आवाज न चढवता. "बाबा, दुकान गेलं त्याचा राग खोटा आहे असं मी म्हणतच नाही. पण तलावात त्या वेळी कोणीच भांडलं नव्हतं. तिथे आम्ही पोहतो. आमच्या नावानं भिंत बांधताहेत, तर निदान आम्हाला विचारा." मग आईकडे वळून म्हणाली, "खोटंच लिहायचं असेल तर लिही. पण आधी खरं काय ते ऐकून घे. उद्या सत्तावीस, आपला दिवस. परवा त्यांचा. दोन्ही दिवस ये."

"परवा? उगवतीच्या दिवशी? मी?"

"का? पाणी चावतं का?"

मंगळवारी टिपणीबाई अर्धी रजा टाकून कोरे फॉर्म घेऊन तलावावर गेल्या. फाटकापाशी तलावमामा जाळीने पाण्यातली पानं काढत होते. बारा वर्षं हा माणूस तलाव सांभाळत होता. तो परगावचा, त्यामुळे तो कोणत्या बाजूचा हे कोणालाच ठरवता आलं नव्हतं.

"मामा, तुम्ही नक्की कोणाकडचे?"

"मी क्लोरीनच्या बाजूचा," मामा म्हणाले. "दोन्हीकडचे जंतू मारतो."

"आणि भिंतीबद्दल काय वाटतं?"

मामांनी जाळी खाली ठेवली. "बाई, पाणी मी रोज बदलत नाही. बदलते ती फक्त तारीख. आज तुमची पोरं ज्या पाण्यात डुंबतात, त्याच पाण्यात उद्या त्यांची. बारा वर्षं एकमेकांच्या अंगावरचं पाणी अंगावर घेताहेत, आणि रस्त्यात दिसली की तोंड फिरवतात! आणखी एक सांगतो. पाणी आत येतं या अंगाच्या नळातून, बाहेर जातं त्या अंगाच्या जाळीतून. मधे भिंत घातली तर एकीकडे नुसतं साचेल, दुसरीकडे नुसतं आटेल. एकाला डबकं, दुसऱ्याला खड्डा. समितीला सांगा."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला विचारलं कोणी?"

हे वाक्य टिपणीबाईंनी दोन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकलं.

पोरं पाण्यातून निथळत बाहेर आली, तशी बाईंनी त्यांना फॉर्म वाटले. पाठीवरचं पाणी कागदावर ठिबकत होतं, शाई फुटत होती. बाईंना वाटलं, एक-दोन वाक्यं लिहून पळतील. पण मुलं पायऱ्यांवर बसली, एकमेकांच्या पाठीचं टेबल केलं आणि लिहीतच राहिली. काय काय लिहिलं होतं! एकाने लिहिलं, 'शांतता म्हणजे आमच्या काकांनी जेवताना जुन्या गोष्टी न काढणं. भाजी गार होते.' एकीने लिहिलं, 'मला पलीकडच्या शिकवणीत गणित शिकायचं आहे. तिकडचे सर चांगले आहेत असं ऐकलं. आमच्याकडचे सर चांगले आहेत, पण त्यांना गणित येत नाही.' एका सतरा वर्षांच्या मुलाने फक्त एक ओळ लिहिली : 'आम्ही भांडलोच नाही, मग आमची फाळणी का?'

सगळेच काही असे नव्हते हं. एका मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भिंत हवीच. मला त्यांचा राग येतो.' टिपणीबाईंनी तोही फॉर्म जपून गठ्ठ्यात ठेवला. खरं ऐकायचं म्हटलं की सगळंच ऐकावं लागतं.

बुधवारी मात्र सम तारीख! चौदा वर्षांत त्या सम तारखेला त्या फाटकातून आत गेल्या नव्हत्या. सोबत मुलगी होती, पण फाटकाशी ती म्हणाली, "आत तू जा. आज माझा दिवस नाही. मामा आहेत."

आत वीस-पंचवीस मुलं होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी एक उंच मुलगी. गळ्यात शिट्टी. ती लहान पोरांना पाय मारायला शिकवत होती आणि तिच्या शिट्टीने पाणीसुद्धा दचकत असावं. सगळी तिला शिट्टीताई म्हणत. वय एकवीस.

टिपणीबाईंनी ओळख करून दिली, आणि मनाचा हिय्या करून पुढे म्हणाल्या, "मी मावळतीकडची आहे."

"माहीत आहे," शिट्टीताई म्हणाली. "तुमची मुलगी आणि मी एका कॉलेजात आहोत. विषम तारखांना जाता-येता फाटकातून दिसते. ती पाण्यात हात छान मारते, पाय मात्र झोपलेले असतात. सांगा तिला."

बाई चकित झाल्या. त्यांना वाटलं होतं, इथे कोणीतरी फटकन बोलेल. त्याऐवजी मुलीच्या पायांबद्दल तक्रार!

मुलं फॉर्म भरत होती तेव्हा दोघी कठड्यावर बसल्या. बाईंनी विचारलं, "तुला राग नाही येत आमचा?"

शिट्टीताईने शिट्टी बोटांत फिरवली. "येतो. माझ्या काकांचा एक डोळा गेला त्या आठ दिवसांत, दगड लागून. त्यांनीच मला पोहायला शिकवलं होतं. ते त्यानंतर पाण्यात उतरले नाहीत. लोक मला म्हणतात, जाऊ दे, विसर. मी विसरणार नाही! आमचे काही मित्र शांतता-शांतता करतात आणि ही गोष्ट काढली की कान झाकतात, त्यांचंही मला पटत नाही. पण बाई, तो दगड तुमच्या मुलीने मारला नव्हता. ती पाच वर्षांची होती. आणि मी सात. मला मोठ्यांकडून घर मिळालं, नाक मिळालं, हा रागही मिळाला. घर ठेवीन, नाक ठेवावंच लागेल. रागाचं काय करायचं ते मात्र मला ठरवू द्या."

टिपणीबाई हळूच म्हणाल्या, "आमचं दुकान जळलं त्याच आठ दिवसांत. कोपऱ्यावरचं. शिंप्याचं."

"मग तुम्हाला कळेल," शिट्टीताई एवढंच म्हणाली. आणि फॉर्म ओढून घेऊन भराभरा लिहू लागली.

त्या संध्याकाळी टिपणीबाईंनी घरी भरलेले फॉर्म टेबलावर ठेवले आणि शेजारी पोरांनी भरलेले ओले, चुरगळलेले, चुकांनी भरलेले फॉर्म ठेवले. पहिल्या गठ्ठ्यात एकही चूक नव्हती आणि एकही माणूस नव्हता. दुसऱ्यात अठ्ठ्याण्णव होते. बाईंनी पहिला गठ्ठा उचलला आणि टराटरा फाडला.

गुरुवारी साहेबांनी ते अठ्ठ्याण्णव फॉर्म चाळले आणि त्यांची मिशी थरथरू लागली.

"हे काय आहे? 'समितीने आधी पाण्यात उतरावे'! 'भाजी गार होते'! बाई, ही मतं आहेत?"

"हीच आहेत, साहेब. बाकीची माझी होती."

"इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. उद्या अधिकारी बाईंसमोर ठराव पडला तर समिती माझ्या नावानं ओरडेल, आणि मी तुमच्या नावानं. बदली कुठे होईल ते सांगता येत नाही."

टिपणीबाईंच्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. पण त्या म्हणाल्या, "साहेब, चौदा वर्षं मी पोरांच्या तोंडात माझे शब्द कोंबले. त्या शब्दांवर उद्या भिंत उभी राहणार होती. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून कोणी ते पकडलं नाही, एवढंच. बदली झाली तर तिकडेही खरे फॉर्म भरून घेईन."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मग उद्या तुम्हीच वाचा आणि तुम्हीच निस्तरा!"

शुक्रवारी सभागृह भरलं. लांब टेबलाच्या एका बाजूला उगवतीचे सहा, दुसऱ्या बाजूला मावळतीचे सहा. सगळ्यांत तरुण सभासद एकसष्ट वर्षांचा. त्याला बाकीचे 'पोरगा' म्हणत. अध्यक्षस्थानी या बारांतलेच हेडसर. गावातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, उगवतीकडचे; आजही त्यांनी चष्म्यावरून पाहिलं की साठीची माणसं ताठ बसत. शेजारी अधिकारी बाई. मागच्या बाकांवर टिपणीबाईंची मुलगी, शिट्टीताई, तलावमामा आणि तलावावरची दहा-बारा मुलं. 'मतं आमची आहेत, तर ऐकायला आम्ही येणार,' असं म्हणून ती आपणहून आली होती.

टिपणीबाई उभ्या राहिल्या. आधी त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की मागच्या सगळ्या वर्षांचे फॉर्म त्यांनी स्वतः भरले होते. सभागृहात चुळबुळ झाली. साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. अधिकारी बाईंनी मान वर केली, आणि म्हणाल्या, "तरी म्हटलं, तुमच्या गावातल्या मेकॅनिकांची भाषा इतकी शुद्ध कशी!"

मग बाईंनी वाचायला सुरुवात केली. भाजी गार होते, तिथे दोन्ही बाजूंचे सभासद हसले. गणिताच्या सरांवर जास्तच हसले. 'मला त्यांचा राग येतो' हेही त्यांनी वाचलं, तेव्हा कोणी हसलं नाही. मग शिट्टीताईचा फॉर्म आला.

"'भिंतीचा ठराव करणाऱ्या बारा जणांपैकी एकालाही पोहता येत नाही. ज्यांना पोहता येतं त्यांना विचारलं नाही. आमचं म्हणणं असं की एकतीस तारीख कोणाचीच नको, सगळ्यांची असावी. वर्षात सातच येतात. सात दिवस एकत्र पोहून कोणी बुडालं तर भिंतीचा विचार करू.'"

हेडसर ताडकन उभे राहिले. "हे उद्धट आहे! तुम्ही पोरं त्या वेळी पाळण्यात होतात. काय घडलं ते आम्ही पाहिलंय. तुम्हाला शांतता म्हणजे खेळ वाटतो!"

टिपणीबाईंची मुलगी उठली. "सर, आम्ही पाहिलं नाही हे खरं. पण त्यानंतरची चौदा वर्षं आम्ही पाहिली. माझे बाबा अजून त्या कोपऱ्यावरून जात नाहीत, लांबून फिरून जातात. तुम्ही आठ दिवसांतून गेलात. आम्ही त्या आठ दिवसांतच मोठे झालो. आता त्यातून बाहेर यायचा रस्ता शोधतोय, तर तुम्ही तिथे भिंत घालताय."

"आणि एकतीस तारखेला पुन्हा डोकी फुटली तर? जबाबदार कोण?" मावळतीचा एक सभासद गरजला.

"मी," शिट्टीताई म्हणाली. "आणि ही. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहू. दगड घेऊन येणाऱ्याला आधी आम्ही दिसू, एक तुमची, एक आमची. त्याने ठरवावं कोणाला मारायचा."

तलावमामांनी तेवढ्यात नळ आणि जाळीचं गणित सांगून टाकलं; डबकं कोणाला आणि खड्डा कोणाला यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहू लागल्या. दोन्हींतलं काहीच कोणाला नको होतं!

हेडसर मात्र उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोलले तेव्हा आवाज बदलला होता.

"चाळीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले," ते म्हणाले. "प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत असायचं. मास्तराची खोडच ती. या मुलांना मी काही विचारलं नाही, कारण त्यांचं उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चाललो. अहो, मला माहीत नव्हतं! आज चाळीस वर्षांनी वर्गात काहीतरी नवीन ऐकतोय." ते खाली बसले. "भिंतीचा ठराव मी मागे घेतो. उद्या एकतीस आहे. उघडा तलाव."

"आणि सर," मागून एक चिरका आवाज आला, "तुम्ही पाण्यात उतरणार?"

"मला पोहता येत नाही रे!"

"आम्ही शिकवू!"

सगळं सभागृह खदखदून हसलं. पुढचं टेबल आणि मागचे बाक एकाच गोष्टीवर हसले, असं त्या सभेत पहिल्यांदाच घडलं.

शनिवारी, एकतीस तारखेला, सकाळी आठला तलाव उघडला. सुरुवातीला गंमतच झाली. दोन्हीकडची मुलं दोन काठांवर उभी, पाण्यात कोणीच उतरेना. तलाव मधे रिकामा. ज्या भिंतीचा ठराव बारगळला होता, ती जणू तिथेच होती. शेवटी कपाळावर टाक्यांची खूण असलेला तो आठ वर्षांचा पोरगा, "आता कंटाळा आला!" असं ओरडून धपकन आत पडला. त्याच्यामागे दोन्ही काठांवरून पंचवीस-तीस जण कोसळले. पाणी काठांवर आलं आणि अध्यक्ष हेडसरांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली!

फाटकाबाहेर शिंपीबाबा उभे होते. 'मी येणार नाही,' असं ते आदल्या दिवशी दोनदा म्हणाले होते. पण मुलगी फाटकाशी उभी राहणार म्हटल्यावर घरात मशीनवर बसवेना. ते हाताची घडी घालून आले आणि एका झाडाखाली थांबले. तिथे आधीच एक गृहस्थ उभा होता. डोळ्यांवर काळा चष्मा. तोही फाटकाकडेच पाहत होता.

"तुमची कोण आहे तिथे?" शिंपीबाबांनी विचारलं.

"पुतणी. ती शिट्टीवाली. सोबत म्हणून आलोय, तिला सांगितलेलं नाही. तुमची?"

"तिच्या शेजारची. मुलगी."

कोण कोणत्या बाजूचं ते दोघांनाही कळून चुकलं होतं. आतून हसण्याचा आणि फाटकापासून शिट्टीचा आवाज येत होता.

"काय करता आपण?" चष्मेवाल्याने विचारलं.

"शिंपी. कोपऱ्यावर दुकान होतं. जळलं."

त्या गृहस्थाने चष्मा काढला. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्याने तो शिंपीबाबांना निरखून पाहू लागला. "कोपऱ्यावरचं? लाकडी पायरीचं? अहो, माझी पँट होती तुमच्याकडे! राखाडी. गुरुवारी देतो म्हणाला होतात, आणि बुधवारी—"

वाक्य तिथेच राहिलं. बुधवारी काय झालं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"राखाडी," शिंपीबाबा म्हणाले. "मागे एकच खिसा हवा होता तुम्हाला. मी म्हटलं दोन बरे दिसतील. तुम्ही ऐकेनात."

"अजूनही एकच हवा," तो गृहस्थ म्हणाला.

आणि मग काय झालं, ते पुढे टिपणीबाई प्रत्येकाला सांगत. फाटकातून त्यांनी पाहिलं, तर झाडाखाली त्यांचे यजमान, खिशात कायम असते ती फीत काढून, एका परक्या माणसाच्या कमरेचं माप घेत होते. "माप बदललंय हो," ते म्हणत होते. "चौदा वर्षांत चार इंच!" आणि तो माणूस एका डोळ्याने रडत आणि तोंडभर हसत म्हणत होता, "आता गुरुवारी नक्की?"

बाईंनी मुलीला हाक मारली, तिने शिट्टीताईला, आणि दोघी फाटक सोडून धावल्या. त्या दिवशी दगड आला नाही. आला असता तरी अडवायला फाटकाशी तलावमामा होतेच, हातात पानं काढायची लांब जाळी घेऊन.

पुढे सगळं एका दिवसात गोड झालं असं मी सांगणार नाही. 'भिंत हवीच' लिहिणारा मुलगा पहिल्या तीन एकतीस तारखांना आलाच नाही. चौथीला आला आणि काठावर बसून राहिला. त्याला कोणी ओढलं नाही. शांतता समितीत आता बारांच्या जोडीला सहा जागा तिशीच्या आतल्यांसाठी आहेत. सभा पूर्वीपेक्षा लांबतात आणि भांडणंही जास्त होतात, पण ती समोरासमोर होतात. टिपणीबाईंची बदली झाली नाही. त्या दरवर्षी फॉर्म घेऊन तलावावर, कॉलेजात, गॅरेजात जातात. परत येतात तेव्हा फॉर्मांवर ग्रीस असतं, चुका असतात, कधी कधी समितीला चिमटेही असतात. बाई एकही ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाहीत. हेडसर अजून पोहायला शिकताहेत. पाय झोपलेले असतात, अशी शिट्टीताईची तक्रार आहे.

तर वाचकहो, आपल्याही गावात कुठे ना कुठे असा तलाव असतो, आणि त्यात भिंत घालायला निघालेली शहाणी माणसं असतात. कधी कधी ती आपणच असतो. भांडणं आपण मागे ठेवून जातो आणि ती सांभाळत जगतात आपली मुलं. म्हणून शांततेचा ठराव करण्याआधी त्यांना विचारूया. त्यांचं उत्तर कडू असेल, चुकांनी भरलेलं असेल, आपल्यालाच टोचणारं असेल. तरी ते त्यांचंच असू द्या. आणि ते लिहून घेताना पेन आपल्या हातात ठेवू नका, त्यांच्या हातात द्या!